आजोबा पास झाले पाहिजेत

९ जानेवारी

प्रिय आजी,

तुला आणि आजोबांना नमस्कार. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की हॉस्टेलचा अख्खा मजला दारात येऊन उभा राहतो. म्हणून आता पत्रच.

आठ वर्षं वॉर्डात काढल्यावर परत बाकावर बसणं सोपं नाही गं. सलाईन, इंजेक्शनं, जखमा, सगळं हाताला येतं. पण या वरच्या शिक्षणात आमच्या मॅडम म्हणतात, "हात तुमचे तयार आहेत. आता ते हात काय करतात आणि का करतात, ते सांगायला शिका." त्यासाठी सिद्धांतांचा वेगळा विषयच आहे. एक सैद्धांतिक चौकट निवडायची, एका खऱ्या रुग्णाकडे तीन महिने त्या चौकटीतून बघायचं आणि मग सगळ्यांपुढे मांडायचं.

मला आजोबांची केस घ्यायची आहे. झटक्याला चार महिने झाले, उजवी बाजू अजून अर्धीच चालते. तू दिवसभर त्यांचं काय काय करतेस ते सकाळपासून लिहून पाठवशील? काही गाळू नकोस. आणि आधी आजोबांना विचार. रुग्णाची परवानगी लागते.

तुझी ठकू


१५ जानेवारी

चि. ठकू,

पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा दूध तापत ठेवलं होतं, ते गेलं उतू. जाऊ दे. तिसरी शिकलेल्या बाईला कॉलेजातून काम आलं म्हटल्यावर दुधाचं काय घेऊन बसायचं! खालच्या शिलाईवालीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, तुम्ही तर प्रोफेसर झालात." मी म्हटलं, "हो का, मग आता माझा चष्मा तू शोधायचा."

परवानगी विचारली. हे म्हणाले, "एकतीस वर्षं बस चालवली तेव्हा कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता गाडी बंद पडली तर म्हणे पुस्तक निघतंय." पण आतून खूश आहेत हो. लगेच कंगवा मागितला.

तर ऐक. सकाळी उठवते मी. दात मी घासते. दाढी मी करते, फेस लावला की हे मुद्दाम गाल फुगवतात आणि मला हसू येऊन माझा हात हलतो. अंघोळ मी. बटणं मी. चहा मी पाजते, जेवण मी भरवते. संडासला मी नेते. माझ्या खांद्यावर हात टाकतात आणि म्हणतात, "चल कंडक्टर, डबल बेल!" औषधं मी, नखं मी. पेपर मात्र ते वाचतात, पानं मी उलटते. दारावर कोण आलं ते तेवढं तेच सांगतात, मला कुठे ऐकू येतं!

एकूण काय, त्यांना बोटसुद्धा हलवू देत नाही मी. कोणी नावं ठेवायची सोय नाही. लिही तुझ्या वहीत, आजी पहिली आली म्हणून. तुझ्या बाबाचं जहाजावरून कार्ड आलंय, त्यालाही कळवते माझं प्रोफेसर झालेलं.

चौकट म्हणजे काय ते मात्र नीट कळव. आमच्याकडे दाराची आहे एक, तिचाही खिळा निघालाय.

तुझी आजी


२८ जानेवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "आजी फारच करतात." रागावू नकोस, समजावते.

चौकट म्हणजे बघायची खिडकी समज. माणूस तोच, पण खिडकी बदलली की वेगळा दिसतो. एक खिडकी विचारते, या माणसाला आराम कशाने पडेल? दुसरी विचारते, आजार घेऊन जगायला हा कसा शिकतोय? मी निवडलेली एका नर्सनेच मांडली आहे. ती म्हणते, प्रत्येक माणसाला स्वतःचं स्वतः करायचं असतं. आजारात जेवढं त्याला जमत नाही तेवढंच आपण करायचं. त्याहून एक काम जरी जास्त केलं, तरी ते आपण त्याच्या हातातून काढून घेतलेलं असतं.

म्हणून तीन रकाने पाड. पहिला 'मी', दुसरा 'दोघं', तिसरा 'ते'. आज सगळी कामं पहिल्या रकान्यात आहेत. एकेक करून पुढे सरकवायची. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड कर. शर्टाला मोठी बटणं लावून घे, आणि घालताना आधी उजवी बाही, मग डावी. सांडलं तर सांडू दे. आणि तू हात मागे बांधून उभी राहा. सगळ्यात अवघड काम तुलाच आहे.

१६ एप्रिलला मला मांडायचं आहे. लक्षात ठेव हं, आजोबा पास झाले तरच मी पास!

ठकू


१० फेब्रुवारी

चि. ठकू,

'आजी फारच करतात' वाचून दोन दिवस तुझ्यावर रुसले होते. मग म्हटलं, रुसून दाखवणार कोणाला, ती तिकडे. उठले आणि शिलाईवालीकडून कोटाची बटणं आणली. शर्टाला कोटाची बटणं! हे म्हणतात, "आता फक्त लाल नाक लाव, सर्कशीत जातो."

रकाने स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने पाडलेत. पहिल्या दिवशी चमचा. अगं काय सांगू, तोंड इथे आणि चमचा कानाकडे! सूप मानेवरून आत. मी हात मागे बांधले, ओठ दाबले, तरी बघवेना. शेवटी आत गेले आणि घासलेली भांडी परत घासत बसले. बाहेर आले तर वाटी रिकामी. अर्धी पोटात, अर्धी शर्टात, पण रिकामी. आणि हे असे बसलेले, जशी काही घाटातून भरलेली बस उतरवून आणली.

मी म्हटलं, "अहो, तोंड तरी पुसू का?"

तर म्हणे, "गाडी कोण चालवतंय?"

ठकू, उभ्या संसारात भांडलो नसू तेवढे या आठ दिवसांत भांडलो. आणि मला इतकं बरं वाटतंय! आजारी पडल्यापासून हे माझ्याशी पाहुण्यासारखे वागत होते. घोटाघोटाला 'राहू दे, तुला त्रास'. आता परत नवऱ्यासारखे खेकसतात. काल साबण निसटला तर साबणाला नाही, मला ओरडले. मी न्हाणीतच हसत सुटले.

आता यादी. चमचा, ते. बटणं, दोघं, खालची दोन ते आणि वरची दोन मी. दाढी, दोघं. संडासापर्यंत चालणं, दोघं. पेपरची पानं, ते, फाटतात पण उलटतात. खालची ओळ त्यांनी डाव्या हाताने लिहिली आहे. अर्धा तास लागला. मी हात मागे बांधून होते, विचार त्यांना.

तुझी आजी

*ठकू, कंडक्टर फार छळते. बदली करून दे. ड्रायव्हर.*


२२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आजोबांची ओळ मी पलंगाच्या वर चिकटवली आहे. तुझं पत्र मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं. आमच्यात एकजण अतिदक्षता विभागात पंधरा वर्षं काम करून आलेली आहे, ती म्हणाली, "मी आजवर कोणा पेशंटला सांडू दिलं नाही." आणि रडायला लागली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस सुट्टी आहे. ग्रंथालयात बसायचं ठरवलं होतं, पण मला ती कोटाची बटणं डोळ्यांनी बघायची आहेत. येऊ का? लगेच कळव.

ठकू


६ मार्च

चि. ठकू,

येऊ नकोस. म्हणजे ये, घर तुझंच आहे, पण आत्ता नको. जिन्याला रंग देतायत. तुला त्या वासाने लहानपणापासून शिंका येतात. बालवाडीत असताना शेजाऱ्यांनी खिडक्या रंगवल्या तेव्हा तू मोजून बावीस शिंका दिल्या होत्यास, आणि आजोबांनी प्रत्येक शिंकेला 'पुढे चला, पुढे चला' म्हटलं होतं. शेवटच्या शिंकेला तू खुर्चीवरून पडलीस. तर नकोच.

इकडे सगळं छान. यादी मागच्यासारखीच, बटणं मात्र आता चारही ते लावतात. हल्ली हे माझ्याशी भांडत नाहीत. शांत असतात. मी म्हणेन त्याला हो. खिडकीशी बसवलं की रस्ता बघत बसतात. मीही सावकाश करते सगळं, घाई कशाची आहे!

त्यांची ओळ या खेपेला नाही. आळस, दुसरं काय. तू ग्रंथालयात बस आणि भरपूर वाच. इकडची काळजी करू नकोस, आजोबा पास होणार.

तुझी आजी


१७ मार्च

प्रिय आजी,

चारही बटणं! तुझ्या यादीचा मी तक्ता केला आहे. रेघ वर वर चढत जाते. 'भांडत नाहीत, शांत असतात' या वाक्याखाली मी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'आजाराचा स्वीकार'. मॅडम म्हणाल्या, फार बारीक नजर आहे तुझी.

सुट्टीत ग्रंथालयातच बसले. आजोबांना म्हणावं आळस पुरे, एक ओळ पाठवा. परीक्षेच्या दिवशी खिशात ठेवायची आहे.

ठकू


३ एप्रिल

चि. ठकू,

सकाळची कामं उरकून टेबलाशी बसले आहे. बाहेर छान ऊन पडलंय. शिलाईवालीने शाळेच्या गणवेशांचं काम घेतलंय, जिन्यात सगळीकडे निळे दोरे. माझ्या चपलेला लागून घरात आले, झाडायला गेले तर झाडूतून निघत नाहीत.

आज आजोबांनी शर्ट स्वतः घातला. आधी उजवी बाही, मग डावी, तू सांगितलंस तसं. बटणं चारही. दाढीसुद्धा एकट्यांनी केली, हनुवटीखाली थोडी राहिली, पण मी काही बोलले नाही. चमच्याचं तर आता विचारूच नकोस. संडासापर्यंत भिंत धरून गेले आणि आले. हे सगळं तिसऱ्या रकान्यात घाल.

आजोबा म्हणतात, ठकूला सांग, घाबरू नकोस. ब्रेकवर पाय ठेव आणि बोल. त्यांच्या हाताने लिहून पाठवायला आज जमत नाही. मी लिहिलं म्हणजे त्यांनीच लिहिलं असं समज.

परीक्षेपर्यंत पत्र लिहीत बसू नकोस. वेळेवर जेव.

तुझी आजी


२७ एप्रिल

प्रिय आजी,

चार दिवस मी घरी होते. तू चहा करत होतीस, मी पीत होते. तू काही बोलली नाहीस आणि मी काही विचारलं नाही. तुला ऐकू जायला मला ओरडावं लागतं, आणि ते ओरडून विचारण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे परत आल्यावर लिहिते आहे.

१७ तारखेला शिलाईवालीचा फोन आला. "आजोबा गेले," म्हणाली. मी विचारलं, "कधी, आज?" ती म्हणाली, "तीन तारखेला गं. आजींनी शपथ घातली होती, सोळा उलटल्याशिवाय कळवायचं नाही म्हणून." बाबांचं जहाज अजून तीन आठवडे किनाऱ्याला लागणार नाही. त्यांनाही तू कळवलं नव्हतंस.

औषधांच्या खणात मला डॉक्टरांचा कागद सापडला. १ मार्च, दुसरा झटका, वाचा गेली, चारही हातपाय. १ मार्च! आणि मी 'शांत असतात' खाली लाल रेघ मारली. वॉर्डातल्या नव्या मुलीनेही विचारलं असतं, भांडणारा माणूस एकदम शांत कसा झाला म्हणून. आठ वर्षांची नर्स मी, आणि मला स्वीकार दिसला.

सोळा तारखेला वर्गात सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. आजोबा जाऊन तेरा दिवस झाले होते आणि मी पडद्यावर त्यांची वर चढणारी रेघ दाखवत होते. परवा मॅडमना सगळं सांगितलं. गुण परत घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "गुण राहू दे बाजूला. खरं काय झालं ते आजींना विचार, आणि पुन्हा लिही."

आजी, तू असं का केलंस? 'आजोबा पास तर मी पास' ही माझी चेष्टा होती गं. पहिला रकाना म्हणजे नापास नव्हे. माणसाला काहीच जमत नाही तेव्हा सगळं आपण करायचं, हेही त्याच पुस्तकात आहे, पहिल्याच पानावर. मी ते तुला सांगायला हवं होतं. मी आले असते. रंगाचा वास, शिंका, काहीही असतं तरी आले असते.

आता तरी खरी यादी पाठव.

ठकू


५ मे

चि. ठकू,

तुझं पत्र आलं त्याला आठवडा होत आला. रोज बसत होते आणि रोज उठत होते.

चेष्टा होती हे मला कळलं नाही बाळा. मला वाटलं, नियमच तसा असेल. शिलाईवालीच्या परीक्षेत शर्ट उसवला तर मार्क जात, असं तिनेच सांगितलं होतं. मी म्हटलं, नर्सच्या परीक्षेत माणूस उसवला तर मार्क जात असतील. मी तिसरी शिकलेली. मला कोणाला विचारायचीही लाज वाटली. पोरगी आठ वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी जागून मग शिकायला गेली, तिचं वर्ष आमच्यापायी जायला नको, एवढंच होतं डोक्यात.

आता खरं लिहिते.

१ मार्चला सकाळी हे बटणं लावत होते. दोन लागली. तिसऱ्याला हात थांबला. मी समोर हात मागे बांधून उभी होते. मला वाटलं, दमले. तू सांगितलं होतंस थांबायचं, म्हणून थांबले. हात खाली आला, तरी थांबले. मान कलली तेव्हा कळलं. किती वेळ उभी होते ते मला खरंच सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजी, तुम्ही लगेच धावला असतात तरी हेच झालं असतं. मी त्यांचं मानलंय, तूही मान. तुझी खिडकी चुकीची नव्हती. त्या महिन्याभरात मला माझा नवरा परत मिळाला होता.

मग डॉक्टर दवाखान्यात न्यायचं म्हणाले. मी यांना विचारलं, "अहो, जायचं?" यांनी डोळे टक्क उघडे ठेवले. म्हणजे नाही. मिटले की हो, हे आमचं त्याच दिवशी ठरलं.

यादी. दात मी. अंघोळ मी, पलंगावरच, ओल्या कापडाने. कुशीवर वळवायचं मी, दर दोन तासांनी, घड्याळ उशाशी ठेवून. पाठीला एक फोड येऊ दिला नाही, तेवढं लिही. सूप मी, अर्ध्या अर्ध्या चमच्याने, नंतर तेही उतरेना. दाढी मी, पण गाल कोणी फुगवेना, त्यामुळे एकदाही हात हलला नाही. प्रत्येक कामाआधी विचारत होते, "अहो, करू का?" त्यांनी डोळे मिटले तरच करत होते. एकदा कंगवा घेतला तर मिटेनात. मी कंगवा परत ठेवला. त्या दिवशी दिवसभर केस तसेच. हे कुठल्या रकान्यात बसतं ते तू बघ.

आणि दारावर कोणी आलं की त्यांचे डोळे दाराकडे जात. मी उठून उघडत असे. शेवटपर्यंत दार त्यांनीच ऐकलं.

तीन तारखेला सकाळी त्यांना पुसून, स्वच्छ शर्ट घालून मी टेबलाशी येऊन तुझं पत्र लिहायला बसले. पलंग आतल्या खोलीत, मधलं दार उघडं. माझी पाठ त्यांच्याकडे होती. खोटं लिहायचं होतं, त्यांच्याकडे तोंड करून लिहवत नव्हतं. दोऱ्यांचं लिहिलं, ते खरं होतं. मग शर्टाचं, बटणांचं, दाढीचं लिहिलं. भिंत धरून चालल्याचं लिहिलं तेव्हा मला स्वतःलाच ते चालताना दिसले. बरं वाटलं म्हणून सांगायला आत गेले. हात लावला. ते गेले होते. दुसऱ्या कोणाला श्वास थांबलेला ऐकू आला असता. मला नाही आला.

थोडा वेळ बसले त्यांच्याजवळ. मग परत टेबलाशी आले. पत्र अर्धं होतं. ब्रेकवर पाय ठेव असं हे म्हणतात, म्हणून जे लिहिलं, ते त्यानंतर लिहिलं. ते त्यांनी म्हटलेलं नाही, मी म्हटलंय. पण असते तर तेच म्हणाले असते, यात मला शंका नाही.

पत्ता घातला, तिकीट लावलं. टपालवाला बाराला पेटी उघडतो. आधी खाली जाऊन पत्र पेटीत टाकलं. मग शिलाईवालीला हाक मारली.

तुझी आजी